भाज्यांचा लझानिया: कृतीबरोबर वजन, तापमान आणि कारणही छापावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत अलीकडेच घरी करण्याच्या व्हेज लझानियाची, म्हणजे पिठाच्या उकडलेल्या पट्ट्या, सॉस, भाज्या आणि चीज यांचे थर रचून भाजलेल्या इटालियन पदार्थाची, पाककृती प्रसिद्ध झाली. छायाचित्र अतिशय देखणे होते आणि ते पाहून अनेक घरांत त्याच आठवड्यात तो पदार्थ करून पाहिला गेला असणार. मात्र कृती वाचताना मला काळजी वाटली. तीत दोन वाट्या चिरलेल्या भाज्या, एक वाटी व्हाइट सॉस, टोमॅटो प्युरी किंवा केचप, आवडीप्रमाणे चीज आणि पट्ट्या न मिळाल्यास पोळ्या किंवा ब्रेडचे स्लाइस असे साहित्य सांगितले होते, आणि शेवटी चीज वितळेपर्यंत ओव्हनमध्ये ठेवावे एवढीच सूचना होती. माझ्या परिचयातील काही जणींनी ती कृती जशीच्या तशी केली. प्रत्येकीच्या ट्रेच्या तळाशी पाणी साचले, कापताना थर एकमेकांवरून घसरले आणि ताटात वाढला गेला तो पातळ सॉसमधला भाज्यांचा रस्सा. या सगळ्या जणी रोज दोन वेळचा स्वयंपाक निगुतीने करणाऱ्या आहेत. त्यांच्या हाताला बोल लावण्याचे कारण नाही. कृतीत जे लिहायला हवे होते ते लिहिलेलेच नव्हते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

भाज्यांचा लझानिया म्हणजे मांसाच्या मूळ पदार्थाला काढलेली पळवाट, असा समज आपल्याकडे आहे आणि त्यामुळेच बहुधा त्याची कृती हलक्या हाताने लिहिली जाते. वस्तुस्थिती तशी नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या, नेपल्सच्या दरबाराशी संबंधित मानल्या जाणाऱ्या एका लॅटिन पाकग्रंथात लझानियाची कृती सापडते. आंबवलेल्या पिठाची पातळ पोळी लाटायची, तिचे तीन-तीन बोटांचे चौकोन कापायचे, मिठाच्या पाण्यात उकडायचे आणि किसलेले चीज व मसाल्याची पूड घालत थरावर थर रचायचे, असे तिचे स्वरूप आहे. त्यात मांस नाही, आणि टोमॅटो तर असणेच शक्य नाही, कारण तो अमेरिका खंडातून युरोपात पोहोचला सोळाव्या शतकात. आज जगभर ओळखला जाणारा मांसाच्या सॉसचा लझानिया हा बोलोन्या शहराचा. त्याच्या पट्ट्यांच्या पिठात पालक मळलेला असतो, आणि त्याची अधिकृत कृती 2003 मध्ये तेथील वाणिज्य मंडळाकडे नोंदवली गेली. पण त्याच इटलीत लिगुरियाच्या किनाऱ्यावर बेसिलच्या हिरव्या वाटणाचा लझानिया करतात, आणि त्रेविझोकडे तांबड्या, कडसर पानांच्या रादिक्यो या भाजीचा. तेव्हा भाज्यांच्या लझानियाला स्वतःची परंपरा आहे आणि स्वतःची शिस्तही आहे.

ही शिस्त मुख्यतः पाण्याची आहे. मांसाचा सॉस दोन-तीन तास मंद आचेवर आटतो, त्यामुळे थरांत जाईपर्यंत तो जवळजवळ कोरडा झालेला असतो. भाज्यांचे तसे होत नाही. वांगे, मशरूम, पालक, ढोबळी मिरची, झुकिनी (काकडीसारखी दिसणारी भाजी) या साऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. एक किलो भाजी कच्ची किंवा अर्धवट परतून ट्रेमध्ये घातली, तर ओव्हनच्या उष्णतेने त्यातले पाणी सुटणारच, आणि थर झाकलेले असल्यामुळे त्याला वाफ होऊन बाहेर पडायला वाट नसते. ते खाली उतरते, व्हाइट सॉस फोडते, पट्ट्या गिळगिळीत करते. म्हणून भाजीतले पाणी ट्रेमध्ये जाण्यापूर्वीच काढून टाकावे लागते. पुरवणीतील कृतीत या कामाबद्दल एक शब्दही नव्हता, आणि माझ्या मते संपूर्ण पदार्थ बिघडायला तेवढे एक कारण पुरेसे आहे.

प्रत्येक भाजीचे पाणी काढण्याची रीत वेगळी आहे. वांग्याच्या किंवा झुकिनीच्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करून त्यांना मीठ लावावे आणि अर्धा तास चाळणीत ठेवाव्यात. मीठ पाणी ओढून घेते. नंतर त्या फडक्यात दाबून, तेलाचा हात लावून, 200 अंश सेल्सियसवर वीस-पंचवीस मिनिटे भाजाव्यात. तळू नयेत, कारण वांगे तेल पिते आणि तेच तेल पुढे थरांत सुटते. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून गार पाण्यात काढावा आणि दोन्ही हातांनी घट्ट पिळावा. पाव किलो पालकाचा मुठीत मावेल एवढा गोळा होईपर्यंत पिळायचा, मगच चिरायचा. ढोबळी मिरची आचेवर भाजून, साल काढून घेतली तर तिचे पाणीही जाते आणि चवही खुलते. गाजरात पाणी तुलनेने कमी असते, त्यामुळे ते बारीक चिरून नुसते परतले तरी चालते.

मशरूमकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पसरट कढई चांगली तापल्यावर त्यात तेल न घालता काप टाकावेत आणि गर्दी करू नये. दोन-तीन मिनिटांत कढईत पाणी दिसू लागते, काप त्यात शिजत असल्यासारखे दिसतात आणि बऱ्याच जणी येथेच गॅस बंद करतात. थांबायचे नाही. मोठ्या आचेवर ते पाणी आटते, बुडबुड्यांचा आवाज जाऊन चरचर सुरू होते, कापांच्या कडा तांबूस होतात आणि पाव किलो मशरूम निम्म्याहून कमी उरतात. त्यानंतर चमचाभर लोणी, ठेचलेला लसूण आणि मीठ घालावे. मीठ शेवटी घालण्याचे कारण हेच, की आधी घातले तर पाणी एकदम सुटते आणि आच कितीही मोठी असली तरी काप परतले जाण्याऐवजी उकडतात.

टोमॅटोच्या सॉसलाही हाच नियम लागू आहे. पुरवणीतल्या कृतीत टोमॅटो प्युरी किंवा केचप असा पर्याय दिला होता. तो कृपया देऊ नये. केचपमधली साखर आणि व्हिनेगर व्हाइट सॉसची चव पार झाकून टाकतात. लाल, पिकलेले, मांसल टोमॅटो एक किलो घ्यावेत, उकळत्या पाण्यात घालून साले काढावीत आणि चिरावेत. ऑलिव्ह तेलात किंवा घरच्या कोणत्याही सौम्य वासाच्या तेलात कांदा, गाजर आणि मिळाल्यास सेलरी अगदी बारीक चिरून दहा मिनिटे मऊ करावी, त्यावर टोमॅटो घालून झाकण न ठेवता आटवावे. एक किलोचा साधारण अर्धा किलो सॉस उरला, आणि कढईच्या तळावर ओढलेली चमच्याची वाट क्षणभर तशीच राहिली, की तो झाला. गाजराच्या गोडीने आंबटपणा सौम्य होतो, त्यामुळे साखर लागत नाही. गावठी टोमॅटो चवीला उत्तम, पण त्यांत रस फार असतो. ते वापरले तर आटवायला वेळ अधिक लागेल. वरून ओरेगानोची पुडी रिकामी करण्याची सवय आपल्याला पिझ्झाने लावली आहे. लझानियाला बेसिल शोभते, आणि ते फार दुर्मीळही नाही: फालुद्यात आपण ज्या झाडाचे बी सब्जा म्हणून घालतो, त्याच जातीच्या झाडाची ही पाने. कुंडीत सहज येतात.

व्हाइट सॉस 'एक वाटी' लिहून भागत नाही. वाटी घरोघरी वेगळी असते आणि त्या सॉसची घट्टता तर वाटीच्या मापातून कळतच नाही. अर्ध्या लिटर दुधाला 40 ग्रॅम लोणी आणि 40 ग्रॅम मैदा हे प्रमाण घरच्या लझानियाला योग्य आहे. लोणी वितळल्यावर मैदा घालून मंद आचेवर दोन मिनिटे परतावा, रंग बदलू देऊ नये, आणि गरम दूध थोडे-थोडे घालत सतत ढवळावे. सॉस दाट झाला म्हणजे शिजला, असे नाही. उकळी फुटल्यानंतरही पाच मिनिटे तो मंद आचेवर राहिला पाहिजे, नाहीतर मैद्याची कच्ची चव जिभेवर राहते. चमच्याच्या पाठीवर सॉस घेऊन बोटाने मधोमध रेघ ओढावी. ती मिटली नाही की सॉस तयार आहे. मीठ, पांढरी मिरी आणि किसलेले जायफळ घालून उतरवावा. जायफळ अगदी चिमूटभर, पण ते वगळू नये, कारण दूध, मैदा आणि लोणी यांच्या एकसुरी चवीला तेवढ्यानेच जाग येते. पुरणात आणि श्रीखंडात जायफळ घालणाऱ्या स्वयंपाकघराला ते वेगळे आणावे लागत नाही.

आता पट्ट्यांविषयी. बाजारात मिळणाऱ्या सुक्या पट्ट्या दुरम गव्हाच्या रव्याच्या असतात. हा गहू आपल्याला परका नाही. बन्सी म्हणून आपल्याकडे ओळखला जातो तो दुरमच. निफाडच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेला 'पंचवटी' हा वाण आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा 'एमएसीएस 4028' हे दुरम गव्हाचेच आहेत, आणि शेवया-कुरडया करणाऱ्यांना या गव्हाचा कणखरपणा माहीत आहे. म्हणून पट्ट्या मिळत नाहीत तेथे पोळी किंवा ब्रेड सुचवण्याऐवजी पट्ट्या घरी करण्याची कृती द्यावी. 100 ग्रॅम चिरोटी रवा आणि 100 ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि साधारण 100 मिलिलिटर कोमट पाणी एवढे साहित्य पुरते. पीठ पुरीच्या पिठापेक्षाही घट्ट हवे. दहा मिनिटे मळून अर्धा तास झाकून ठेवावे, म्हणजे रवा पाणी शोषतो आणि लाटताना पीठ मागे सरत नाही. मग शक्य तितके पातळ लाटून आयत कापावेत आणि मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटे उकडून ओल्या फडक्यावर एकेक पसरावेत. बोलोन्याकडे पिठात पाण्याऐवजी अंडे घालतात. अंडे खाणाऱ्यांनी 100 ग्रॅम मैद्याला एक अंडे घ्यावे. पोळी आधीच भाजून शिजलेली असते. सॉसमध्ये ती पुन्हा भिजते तेव्हा तिचा लगदा होतो आणि कडा मात्र चिवट राहतात. पोळीचे थर लावून कोणी चविष्ट पदार्थ केला तर त्याला माझी काहीच हरकत नाही, पण लझानिया म्हणून तो छापू नये.

सुक्या पट्ट्यांतही दोन प्रकार आहेत आणि हा भेद कृतीत न लिहिल्यामुळे फार नुकसान होते. काही पट्ट्या उकडून वापरायच्या असतात, तर काही थेट थरात लावायच्या असतात. उकडलेल्या पट्ट्यांनी आपले पाणी आधीच घेतलेले असते, म्हणून त्यांच्यासोबत सॉस दाट लागतो. न उकडता लावायच्या पट्ट्या सॉसमधलेच पाणी पिऊन शिजतात. त्यांच्यासाठी व्हाइट सॉसमध्ये शंभर मिलिलिटर दूध वाढवावे आणि टोमॅटोचा सॉस थोडा कमी आटवावा. पाकिटावर काय लिहिले आहे ते आधी वाचावे, एवढी एक ओळ कृतीत असती तरी अनेकींच्या पट्ट्या मधोमध कच्च्या राहिल्या नसत्या.

चीजबद्दल 'आवडीप्रमाणे' लिहिणे हे शाकाहारी वाचकांच्या दृष्टीने मला सर्वांत गंभीर वाटते. छायाचित्राखालच्या ओळीत पार्मेझानचा उल्लेख होता. पार्मेझान म्हणजे मुळात इटलीतील पार्मिजानो रेज्जानो, आणि ते खरे चीज नियमानुसार वासराच्या जठरातून मिळणाऱ्या, दूध घट्ट करणाऱ्या रेनेटनेच लावावे लागते. त्यामुळे ते शाकाहारी नाही, आणि हे आपल्या असंख्य वाचकांना माहीत नसते. सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट वापरून केलेले कडक चीज आपल्याकडे मिळते. पाकिटावरचे हिरवे चिन्ह पाहून ते घ्यावे, हे शाकाहारी म्हणून छापलेल्या प्रत्येक कृतीत स्पष्ट लिहिले गेले पाहिजे. घरात कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तो गाळून पदार्थ करता येतो, पण चीजच्या बाबतीत वाचक सर्वस्वी आपल्या शब्दावर विसंबतो.

वितळणारे चीज म्हणून मोझरेला 150 ते 200 ग्रॅम पुरेसे आहे. पाण्यात ठेवलेले ताजे मोझरेला वापरायचे असेल तर ते चिरून तासभर चाळणीत निथळू द्यावे, कारण त्याच्या निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेच असते. डब्यातल्या चौकोनी प्रोसेस्ड चीजमध्ये मिसळणीसाठी घातलेले क्षार असतात. ते गुळगुळीत वितळते, पण त्याला तार येत नाही आणि पदार्थ खारट होतो. रिकोटा या मऊ इटालियन चीजच्या जागी पनीर किसून घालतात, तेही मला पटत नाही, कारण पनीर दाबून कोरडे केलेले असते आणि भाजल्यावर रबरासारखे लागते. त्यापेक्षा लिटरभर दूध लिंबाच्या रसाने नासवून, न दाबता, फडक्यात दहा मिनिटे निथळवलेला मऊ छेना घ्यावा, त्यात थोडे मीठ आणि तो पिळलेला पालक मिसळावा. हा थर अतिशय छान लागतो.

वर दिलेली प्रमाणे 20 सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या आणि निदान 6 सेंटिमीटर खोलीच्या भांड्यासाठी आहेत. त्यात पाच-सहा माणसांचे जेवण होते. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे असावे. केकच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात टोमॅटोचा आंबटपणा धातूला लागतो आणि पदार्थाला कळकट चव येते. तळाला सॉसचा पातळ हात, मग पट्ट्या, टोमॅटोचा सॉस, भाजी, व्हाइट सॉस, थोडे चीज, आणि पुन्हा पट्ट्या, असे चार थर पुरेत. प्रत्येक थर पातळ ठेवावा. भाजीचा जाड थर दिला की वरचा भाग सरकतो. सर्वांत वरच्या पट्टीच्या कडा आणि कोपरे व्हाइट सॉसने पूर्ण झाकावेत, कारण उघडा राहिलेला कोपरा पापडासारखा कडक होतो.

ओव्हन आधी दहा मिनिटे तापवावा. ओटीजीमध्ये, म्हणजे घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, वरची आणि खालची दोन्ही कांबी चालू ठेवून 180 अंशांवर, फॉइलने झाकून पंचवीस मिनिटे, आणि नंतर फॉइल काढून बारा ते पंधरा मिनिटे भाजावे. कडेने सॉस खदखदू लागला आणि मध्यभागी सुरी सहज उतरली, की झाले. नुसते 'चीज वितळेपर्यंत' म्हटले तर ते पाच मिनिटांतही वितळते आणि आतला भाग थंडच राहतो. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये वरचा रंग येत नाही. त्यात कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवा फिरवून भाजण्याची, सोय असेल तरच हा पदार्थ करावा.

ओव्हन नसलेल्या वाचकांची आपल्या पुरवणीने उपेक्षा करू नये, कारण त्यांची संख्या मोठी आहे. जाड बुडाच्या कढईत तिवई ठेवून, कढई तापवून, त्यात भांडे ठेवता येते. मात्र येथे काचेचे भांडे नको, स्टीलचा डबा घ्यावा. झाकणाला ढोकळ्याच्या वेळी बांधतो तसे फडके बांधावे, नाहीतर वाफेचे थेंब थरांवर पडतील आणि भाजीतून एवढ्या कष्टाने काढलेले पाणी वरून परत येईल. मंद ते मध्यम आचेवर चाळीस मिनिटे लागतात. वरून आच नसल्यामुळे तांबूस रंग येणार नाही. गोव्यात बेबिंकाच्या प्रत्येक थराला झाकणावर निखारे ठेवून वरून आच देतात. ती सोय गॅसच्या शेगडीवर नाही. चवीत मात्र फारसे उणे राहत नाही.

ओव्हनमधून काढल्यावर पंधरा ते वीस मिनिटे भांड्याला हात लावू नये. व्हाइट सॉसमधला मैदा गार होताना घट्ट धरतो आणि पट्ट्या उरलेला ओलावा शोषून घेतात. कापल्यावर चौकोन उभा राहतो तो या वीस मिनिटांमुळे. पाहुणे यायचे असतील तर आदल्या रात्री थर रचून भांडे फ्रिजमध्ये ठेवता येते, पण काचेचे गार भांडे थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नये. ते अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवावे.

संपादक महोदय, एका मध्यम ट्रेला लागणारे चीज, लोणी, मशरूम आणि पट्ट्या यांचा खर्च सामान्य घराला जाणवण्याइतका असतो, आणि त्यामागे दोन-अडीच तासांचे श्रम असतात. परदेशी पदार्थ छापताना साहित्य ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये, भांड्याचे माप सेंटिमीटरमध्ये, आणि ओव्हनचे तापमान व वेळ आकड्यांत द्यावी. कृती छापण्यापूर्वी एखाद्या साध्या घरातल्या ओटीजीत ती करून पाहिली जावी. आणि जागा कमी पडत असेल तर छायाचित्र लहान करावे, पण 'भाजीचे पाणी पूर्ण आटवा' ही ओळ गाळू नये. थंडीच्या दिवसांत पालक, गाजर आणि टोमॅटो स्वस्त आणि उत्तम मिळतात. त्या सुमारास ही कृती दुरुस्त करून, शाकाहारी चीजच्या स्पष्ट उल्लेखासह, पुरवणीत पुन्हा प्रसिद्ध करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक नियमित वाचक, ठाणे